'उत्सर्जन तीव्रता'ला दुसरा शब्द आहे का?

कासारवेल: शेतकरी गटांसाठी एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. भारत सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांना कळवलेलं उद्दिष्ट असं: सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दर एककामागचं उत्सर्जन 2030 पर्यंत 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी घटवायचं. मी 'उत्सर्जन तीव्रता' लिहिलं. वाचून पाहणाऱ्यांनी 'एकूण प्रदूषण जवळजवळ निम्मं होणार' असा अर्थ लावला. तसं नाहीये. अर्थव्यवस्था वाढत असेल तर एकूण उत्सर्जन वाढूनही हे उद्दिष्ट गाठता येतं. एवढा मोठा फरक शब्दात दिसायला नको का?

ताम्हण: तीव्रता म्हटलं की मला भूकंपच आठवतो. 'दरडोई'च्या चालीवर 'दररुपयी उत्सर्जन' करा.

वर्धाकाठ: आमच्या चंद्रपुरात ते चालणार नाही. 2023 च्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत सिमेंट कारखान्यांचं मोजमाप रुपयावर नाही, दर टन मालावर आहे. तिथेही हीच संज्ञा. 'तीव्रता' राहू द्या, खाली एक ओळ समजावून लिहा.

ताम्हण: मग 'उत्सर्जनप्रमाण'?

कासारवेल: 'यंदा पावसाचं प्रमाण कमी' म्हणजे पाऊसच कमी. पुन्हा तोच घोटाळा.

बांधावरून: ट्रॅक्टरचं ॲव्हरेज प्रत्येकाला कळतं. ॲव्हरेज सुधारलं आणि नांगरट दुप्पट केली, तर डिझेल जास्तच लागणार. 'धुराचं ॲव्हरेज' लिहा, गावात कुणी चुकणार नाही.

ताम्हण: देशाने जगाला दिलेल्या वचनात 'ॲव्हरेज'? आणि धूर कसा? कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही, भातखाचरातला मिथेनही नाही.

बांधावरून: ज्यांना पुस्तिका द्यायची, त्यांच्या तोंडात आहे तो शब्द मराठीच. वचन कुणाला कळलंच नाही तर हिशेब कोण मागणार?

जुनी पेठ: मूळ दुखणं 'उत्सर्जना'त आहे. शाळेत उत्सर्जन संस्था म्हणजे मूत्रपिंडं. आजोबांच्या तोंडी उत्सर्जन म्हणजे श्रावणीतला विधी. धातू सृज्, म्हणजे सर्जन आणि विसर्जन याच घरातले. सोडणं हाच अर्थ, तर 'वायुविसर्ग' का नको?

वर्धाकाठ: 'विसर्ग' ऐकून लोक व्याकरणाचं पुस्तक शोधतील. त्यापेक्षा 'स्थापित क्षमते'कडे बघा, तिथली फसगत मोठी. 2030 साठी ठरवलेली निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायूवर न चालणारी, वीजनिर्मिती क्षमता देशाने 2025 मध्येच गाठली. आमच्याकडे लोक विचारतात, मग वीज निम्मी सौर झाली का? नाही. क्षमता म्हणजे किती करता येईल; प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत अजून मोठा वाटा कोळशाचा. 2920 मेगावॅटचं आमचं केंद्र त्यावरच चालतं.

जुनी पेठ: आणि देशाने 2070 साठी ठरवलेलं 'निव्वळ शून्य' उत्सर्जन? निव्वळ मूर्खपणा म्हणजे नुसता मूर्खपणा. मग निव्वळ शून्य म्हणजे नुसतं शून्य. वाचणाऱ्याला वाटणार, तेव्हा एक काडीही जळणार नाही.

कासारवेल: 'निव्वळ नफा' सगळे दुकानदार बरोबर वापरतात. खर्च वजा जाता उरतो तो. जंगलं आणि जमीन जेवढं शोषतील तेवढं वजा करायचं, हिशेब तोच. मला तो शब्द खटकत नाही.

जुनी पेठ: दुकानदाराला वजाबाकी ठाऊक असते. 'निव्वळ' निवळण्यातून आला असं मी मानतो. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घालत, गाळ खाली बसे. त्या शब्दात वजाबाकी नाही, स्वच्छता आहे.

बांधावरून: गाळ खाली बसला म्हणजे पाण्यातून वजाच झाला की.

जुनी पेठ: वजा नाही झाला, तळाशी आहे. ढवळलं की पुन्हा वर. जंगल जळलं की कार्बनचंही तेच होतं, म्हणून 'निव्वळ'ला माझा विरोध कायम.