घराचे वळण पक्के असलेली सात वर्षांची कुत्री अचानक घरात लघवी करू लागली आहे. आधी काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे जुई नावाची सात वर्षांची लॅब्रेडोर कुत्री आहे. वजन २८ किलो. आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पिल्लू असतानाच ती बाहेर जायला शिकली आणि त्यानंतर आजारपणातसुद्धा तिने घरात कधी शी-शू केली नाही. लागली की दाराशी जाऊन उभी राहायची आणि खुंटीवरच्या पट्ट्याकडे पाहत राहायची. ती दोन वर्षांची असताना तिची नसबंदी झाली आहे.

यंदा पाऊस सुरू झाल्यापासून मात्र दोन प्रकार होत आहेत. सकाळी ती उठते तेव्हा तिच्या गोधडीवर, बरोबर मागचा भाग टेकतो तिथे, बशीएवढा ओला डाग असतो, आणि ती मांड्यांवरचे ओले केस चाटत बसते. दुसरा प्रकार असा, की संध्याकाळी फिरून आल्यावर अर्ध्या तासात ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जाऊन चक्क बसून लघवी करते आणि तिथे मोठे तळे साचते. पावसाळ्यात तिच्या पोटाला आणि पंजांना खाज सुटते, त्यासाठी गोळ्या चालू आहेत; त्याखेरीज दुसरे औषध नाही. खाणे उत्तम आहे, किंबहुना वाढलेच आहे.

माझे सासरे म्हणतात की ती लाडाने शेफारली आहे आणि तिला त्या जागेपाशी नेऊन चांगले दरडावले पाहिजे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना नीट समजावून सांगता येत नाही. रात्री आठनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवावे, असेही एका शेजाऱ्यांनी सुचवले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (ठाण्यात व्यवसाय करणारा पशुवैद्य)

ताई, आपण दोन्ही प्रकार वेगवेगळे लिहिलेत हे फार चांगले केले, कारण निदानाची पहिली पायरी तीच आहे. कुत्री स्वतः बसून लघवी करते की तिच्या नकळत ती गळते, या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मा उलगडा होतो.

झोपेत गोधडी ओली होणे म्हणजे गळती होय. नसबंदीनंतर शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते आणि त्यामुळे मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूची पकड काही माद्यांमध्ये सैल पडते. जागेपणी ती पुरेशी असते, गाढ झोपेत पुरत नाही. हा त्रास शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू होतो असे नाही, तो काही वर्षांनीही दिसू शकतो, आणि वीस किलोच्या वरच्या कुत्र्यांमध्ये अधिक आढळतो. फेनिलप्रोपॅनोलामाइन किंवा इस्ट्रिऑल ही औषधे त्यावर चांगली लागू पडतात, परंतु ती तपासणीनंतर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात, कारण पहिल्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो.

बसून मोठे तळे करणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. मूत्राशयाला संसर्ग असेल किंवा खडा झाला असेल तर कुत्रा पुन्हा पुन्हा बसतो आणि दरवेळी थोडीथोडीच लघवी करतो, क्वचित तिला लाली असते. आपण वर्णन करता ते प्रमाण मोठे आहे, म्हणून लघवी मुळातच जास्त तयार होते आहे का, हे प्रथम पाहावे लागेल. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त बनणे) आणि काही औषधे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अशी भरपूर लघवी मूत्राशयात साचली की पकडीतला एरवी न जाणवणारा सैलपणाही झोपेत उघड होतो. त्यामुळे आपले दोन्ही प्रकार एकाच कारणाचे असू शकतात. आपण ओझरत्या उल्लेखिलेल्या खाजेच्या गोळ्यांचे नाव म्हणूनच आज पाकिटावर पाहावे आणि इथे लिहावे. वाढलेली भूक वाचून मला त्या गोळ्यांविषयी शंका आली आहे.

दरम्यान एक काम घरीच करता येईल. मापाच्या बाटलीने भांड्यात पाणी भरावे, चोवीस तासांनी उरलेले वजा करावे आणि त्या काळात न्हाणीघरातली बादली व कुंड्यांखालच्या ताटल्या तिच्या तोंडी लागणार नाहीत असे पाहावे. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो, म्हणजे जुईसाठी दीड लिटरच्या आसपास. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे तिच्या बाबतीत २.८ लिटरच्या पुढे आकडा गेला, तर तो निश्चितच आजाराकडे किंवा औषधाकडे बोट दाखवतो. पाणी उचलून ठेवण्याचा सल्ला कृपया मानू नये. मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नसेल तर तहान हा कुत्र्याचा एकमेव बचाव असतो, आणि तो काढून घेतला तर एका रात्रीत प्रकृती ढासळू शकते.

लघवीचा नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा घ्यावा. ती बसली की मागून उथळ, स्वच्छ पळी सरकवावी, कोरड्या डबीत ओतावे आणि दोन तासांच्या आत दवाखान्यात पोहोचवावे. जंतूंच्या कल्चरसाठी (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) मात्र सोनोग्राफीखाली सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला नमुनाच विश्वासार्ह असतो.

सासऱ्यांना सांगण्यासाठी एक आधार देतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की कुत्र्यांचा तथाकथित अपराधी चेहरा त्यांनी खरोखर चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसत होता. दरडावल्याने जुई एवढेच शिकेल की माणसांसमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ती पलंगामागे जाऊन करेल व बाहेर आपल्यासमोर करायलाही बिचकेल. झोपेत गळणाऱ्या लघवीवर तर तिचा ताबाच नाही.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एवढे नमूद करतो: नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. तसेच कुत्रा जोर करूनही थेंबच येत असतील तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. या दोन्ही वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उत्तर (पुणे)

डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या आधी कराव्यात हे खरेच, पण संध्याकाळच्या प्रसंगाबाबत पुणेकर म्हणून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. पावसाळ्यात गणेशोत्सवाच्या आधी कित्येक आठवडे नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, आणि तो नेमका कुत्र्यांच्या फिरण्याच्या वेळी असतो. आमचा कुत्रा त्या काळात बाहेर गेल्यावर कान मागे पाडून, शेपटी पोटाखाली घेऊन घराच्या दिशेने ओढत राहतो आणि लघवी करायला थांबतच नाही. मग घरात आल्यावर, सुरक्षित वाटल्यावर, त्याला ती आवरत नाही. मुसळधार पावसातही तेच होते. आपण फिरवून आणतो खरे, पण तिने बाहेर खरोखर लघवी केली का, हे कोणीतरी पाहायला हवे. आमच्याकडे ती फेरी मुलगा करायचा आणि मोबाइलवर बोलत चालायचा, त्यामुळे हे बरेच दिवस कळलेच नव्हते.

आम्ही संध्याकाळची फेरी सराव सुरू होण्याआधी, पाचच्या सुमारास घेऊ लागलो. मोठी छत्री धरून एकाच ठरावीक झाडाखाली शांतपणे उभे राहतो आणि त्याची लघवी पूर्ण झाल्या क्षणी, तिथल्या तिथे, खाऊ देतो. खाऊ घरी येऊन दिला तर तो त्याला घरी आल्याबद्दल मिळाल्यासारखा होतो. लघवी झाली की लगेच परतही फिरत नाही, थोडे हुंगू देतो. नाहीतर लघवी झाली की फिरणे संपते असे शिकून कुत्रा ती लांबवू लागतो.

उत्तर (डोंबिवली)

स्वच्छतेबद्दल लिहिते, कारण कारण सापडले तरी वास राहिला तर सवय राहते. फिनेलने फरशी आपल्याला स्वच्छ वाटते, परंतु कुत्र्याच्या नाकाला खालचा लघवीचा वास येतच राहतो, शिवाय फिनेल ओले असताना ती त्यावरून चालली आणि नंतर तिने पंजे चाटले तर ते पोटात जाते. अमोनिया असलेले द्रावणही वापरू नये, त्याचा वास लघवीशी जुळतो.

आधी जुन्या सुती कापडाने दाबून सगळे टिपून घ्यावे, मग साध्या पाण्याने पुसावे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ ते तसेच राहू द्यावे. बहुतेक जण ते शिंपडून लगेच पुसतात, त्याने काही साधत नाही. व्हिनेगर पाण्यात मिसळून साध्या टाइल्सवर चालते, परंतु संगमरवरी फरशीवर नको, दगड खराब होतो. गोधडीच्या जागी सध्या धुता येणारी पातळ अंथरुणे आणि त्यांच्याखाली बाळांसाठी वापरतात ते रबरी कापड घालावे, कारण पावसात गोधडी वाळत नाही. तिच्या मांड्या आणि पोट मात्र दररोज कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावे. ओल्या केसांखालची कातडी लवकर लाल होते, आणि तिला आधीच खाज आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. गोळ्या प्रेडनिसोलोनच्या आहेत. पाणी मोजले, ते तीन लिटरच्या पुढे गेले. आमच्या डॉक्टरांकडे रक्त आणि लघवी तपासली. साखर नाही, मूत्रपिंडाचे आकडे ठीक आहेत, लघवी मात्र अगदी पातळ आहे. कल्चरचा अहवाल यायचा आहे. माप पाहिल्यावर सासऱ्यांनी रागावण्याचा विषय सोडला आणि रात्री साडेदहाची फेरी स्वतःकडे घेतली. संध्याकाळी ती बाहेर बसते, पण ढोल वाजू लागले की अर्धवट उठते, हेही खरे निघाले. डॉक्टर उद्या भेटणार आहेत. या गोळ्या आजच बंद केल्या तर चालेल का?

उत्तर (ठाण्यात व्यवसाय करणारा पशुवैद्य)

नाही, अचानक बंद करू नयेत. ही स्टेरॉइडची गोळी काही दिवस चालली की शरीर स्वतःचे कॉर्टिसोल कमी बनवू लागते, त्यामुळे मात्रा हळूहळूच उतरवावी लागते आणि तो क्रम आपले डॉक्टरच ठरवतील. तहान, भूक आणि पातळ लघवी या तिन्हींचा मेळ या औषधाशी बसतो, आणि मात्रा उतरली की बहुतेक वेळा त्याही उतरतात.

तरीही कल्चरचा अहवाल सोडू नका. स्टेरॉइडवर असलेल्या कुत्र्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो आणि जळजळीची नेहमीची लक्षणे त्यात झाकली जातात. या काळात तिला कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नये. माणसांची तर नाहीच, कुत्र्यांसाठीचीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र गेल्यास जठरात व्रण होऊ शकतो. खाजेसाठी ओक्लासिटिनिबसारखा स्टेरॉइड नसलेला दुसरा पर्याय जुईला चालेल का, आणि पंजांना बुरशी आहे का, हे उद्या अवश्य विचारा.

तोवर पाण्याचे भांडे भरलेले राहू द्या आणि दिवसा दर चार तासांनी तिला खाली न्या. गोळ्या पूर्ण थांबून पाणी दीड लिटरवर आल्यानंतरही दोन-तीन आठवडे अंथरूण ओले होत राहिले, तर स्नायूच्या सैलपणाचे औषध सुरू करण्याविषयी बोलता येईल. त्यासाठी अंथरूण कोणत्या रात्री ओले होते, याची नोंद आजपासूनच भिंतीवरच्या कॅलेंडरवर करून ठेवावी.