किशोरांसाठी भयकथा: भीती मधेच का विरते?

पंचवटीकर: १३ ते १६ वयाच्या वाचकांसाठी ३००० शब्दांची भयकथा लिहितेय. नाशिकचा गोदाघाट, पुराची रात्र, नायिका नववीत. वाचणारे म्हणतात, अर्ध्यावर भीती जाते. काय करू?

रातकिडा: भूत बहुधा लवकर दिसतंय. पहिली खटकणारी गोष्ट ३०० शब्दांच्या आत आणा, पण ती किरकोळ हवी. उदा. ओल्या पावलांचे ठसे, फक्त घरात येणारे. पूर्ण रूप २००० शब्दांआधी नको. नखशिखांत वर्णन झालं की वाचक निर्धास्त होतो. आणि मोबाइल! ‘रेंज नव्हती’ आता कुणी ऐकून घेत नाही. फोन लागू द्या, आईचाच आवाज येऊ द्या, फक्त ती घरातल्या कुत्र्याचं नाव चुकीचं घेते.

गोदाकाठ: पुरालाच घड्याळ करा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, यावरून नाशिककर पूर मोजतातच. गुडघे, कंबर, छाती: दर टप्प्याला एक प्रसंग. वेळ वेगळी सांगावी लागत नाही.

रातकिडा: हे झकास! फक्त शेवटी काका-मामा धावून यायला नकोत. सुटका तिच्याच निर्णयाने, आणि त्याची किंमतही तिनेच मोजायची.