हात मोडला हे नक्की, मोडला कुणी ते ठरलं नाही: टायरीक हिल, लीग आणि बंद फाइल

ओव्हरलँडकर

२ फेब्रुवारी २०२०. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा (एनएफएल) अंतिम सामना, चौथा क्वार्टर, आमचे कॅन्सस सिटी चीफ्स १०-२० ने मागे. तिसरा डाऊन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, आणि पुढे १५ यार्ड. चेंडू फेकणारा आमचा क्वार्टरबॅक महोम्स मागे मागे सरकत गेला, चेंडू भिरकावला आणि टायरीक हिलने ४४ यार्ड मिळवून देणारा झेल घेतला. सामना तिथे फिरला. ३१-२० ने जिंकलो, पन्नास वर्षांनी. आमच्या हॉलमध्ये दहाबारा मराठी माणसं होती, मिसळीचा रस्सा गार झाला तरी कुणी उठलं नव्हतं.

परवा तीच क्लिप थोरल्याने फोनवर दाखवली आणि मला सामन्याआधीचे अकरा महिने आठवले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च २०१९ मध्ये आमच्या ओव्हरलँड पार्कच्या पोलिसांनी हिलच्या तीन वर्षांच्या मुलाच्या दुखापतीचा तपास सुरू केला. हात मोडला होता. बालकल्याण खातंही आलं. २४ एप्रिलला जॉन्सन काउंटीचे सरकारी वकील स्टीव्ह हाऊ यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की गुन्हा घडलाय असं आम्हाला वाटतं, पण तो कुणी केला हे पुराव्यावरून ठरत नाही, म्हणून खटला भरत नाही. दुसऱ्याच दिवशी एका स्थानिक वाहिनीने हिल आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या संभाषणाची ध्वनिफीत लावली. मूल तुला घाबरतं, असं ती म्हणते. तूही मला घाबरायला हवंस, असं तो शिवी घालून म्हणतो. हात आपण मोडला नाही असंही तो म्हणतो, आणि पुढेही तेच म्हणत राहिला. क्लबने त्याला सरावापासून लांब ठेवलं. १९ जुलैला लीगने जाहीर केलं की उपलब्ध पुराव्यावरून नियमभंग झाल्याचं म्हणता येत नाही, सबब शिक्षा नाही. सप्टेंबरमध्ये तीन वर्षांचा ५४ दशलक्ष डॉलरपर्यंतचा करार.

लीगच्या त्या निवेदनातच लिहिलं होतं की बालसंरक्षणाच्या खटल्यातली माहिती गोपनीय आहे, ती आम्हाला मिळालेली नाही आणि पोलिसांचे कागद कोर्टाने सीलबंद केले आहेत. म्हणजे मुलाबद्दल सगळ्यात जास्त ज्या फाइलमध्ये होतं ती यांनी पाहिलीच नाही आणि तरी सीझनच्या तोंडावर निकाल दिला. माझं मत: मुलाचं प्रकरण त्या कोर्टात मिटेपर्यंत त्याला पगारी रजेवर बसवायला हवं होतं. तुम्हाला काय वाटतं?

छप्परफाड

मला वाटतं की तुम्ही माणसाला फाशी देऊन मग पंचनामा करताय.

गुन्हा दाखल नाही, आरोपपत्र नाही, काही नाही. हाऊ साहेबांनी 'कुणी केलं ठरत नाही' म्हटलं, 'हिलने केलं पण पुरावा नाही' असं म्हटलं नाही. फरक आहे. खेळाडूचं करिअर सातआठ वर्षांचं. त्यातलं एक वर्ष 'कदाचित'वर घालवायचं? उद्या तुमच्या शेजाऱ्याने फोन फिरवला आणि तुमच्या कंपनीने 'चौकशी मिटेपर्यंत घरी बसा' म्हटलं तर इथेच येऊन अन्याय अन्याय म्हणून धागा काढाल.

खडूफळा

@छप्परफाड, शेजाऱ्याने फोन फिरवला नव्हता हो. तीन वर्षांच्या पोराचा हात मोडला होता.

छप्परफाड

पोरं पडतात. माझा दोनदा मोडलाय, एकदा आंब्यावरून.

वकीलबुवा

इथे दोन तागड्या एकात एक मिसळल्या आहेत.

फौजदारी कोर्टात वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं, आणि तेही *अमुक माणसाविरुद्ध*. घरात दोन मोठी माणसं असतील, मूल तीन वर्षांचं असेल आणि दोघंही 'मी नाही' म्हणत असतील तर तिथेच खटला संपतो. बालसंरक्षणाच्या कोर्टाचा प्रश्न निराळा असतो: हे घर या मुलासाठी सुरक्षित आहे का? त्याला गुन्हेगाराचं नाव लागत नाही, मापही हलकं असतं. त्यामुळे एकीकडे खटला नाही आणि दुसरीकडे मूल घराबाहेर, हे एकाच वेळी होऊ शकतं. त्यात विसंगती काही नाही.

पण ओव्हरलँडकर, तुमचा उपाय मला पटत नाही. लीगने काय करू नये याचा धडा हवा असेल तर २०१४चं एड्रियन पीटरसनचं प्रकरण बघा. मिनेसोटा व्हायकिंग्जचा खेळाडू. मे महिन्यात टेक्सासमध्ये चार वर्षांच्या मुलाला झाडाच्या फांदीने मारलं, पानं ओरबाडून काढलेली फोक. मूल आईकडे मिनेसोटाला परतल्यावर डॉक्टरांनी वळ पाहिले आणि कायद्याप्रमाणे कळवलं. सप्टेंबरमध्ये आरोप ठेवला गेला. व्हायकिंग्जने एक सामना बसवला, सोमवारी परत घेतला, मग एका हॉटेल साखळीने प्रायोजकत्व थांबवलं, राज्याचे गव्हर्नर बोलले, आणि बुधवारी पुन्हा बाहेर. तीन दिवसांत मुलाबद्दल नवीन काहीच कळलं नव्हतं, कळलं ते प्रायोजकांबद्दल.

पुढे नोव्हेंबरमध्ये त्याने किरकोळ गुन्ह्यावर आव्हान न देण्याची भूमिका घेतली: ४,००० डॉलर दंड, ८० तास समाजसेवा. त्यानंतर लीगने उरलेल्या सीझनभर बिनपगारी निलंबित केलं. गंमत अशी की कडक शिक्षेचं धोरण ऑगस्ट २०१४ मधलं आणि मारहाण मे मधली. न्यायाधीश डोटींनी फेब्रुवारी २०१५ मध्ये ते निलंबन त्याच मुद्द्यावर रद्द केलं, २०१६ मध्ये वरच्या कोर्टाने लीगच्या बाजूने दिलं. तोवर पीटरसन परत येऊन २०१५ मध्ये १,४८५ यार्ड धावून लीगमध्ये पहिला आला होता.

लीग हा धंदा आहे. त्यांच्याकडून न्याय मागू नका, तो त्यांच्याकडे नाही.

डॅलसची मावशी

पीटरसन टेक्सासचा, मी पण आता वीस वर्षं टेक्सासची, म्हणून बोलते.

इथे घरात मुलाला 'वाजवी' मारणं आजही कायद्यात बसतं. कित्येक शाळांत लाकडी पट्टी आहे. त्यामुळे त्या वेळी जुना बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली टीव्हीवर जे म्हणाला, की असं असेल तर दक्षिणेतले सगळे काळे आईबाप तुरुंगात जातील, ते ऐकून आमच्या मंडळातली अर्धी माणसं मान डोलावत होती. 'आपल्याकडे काय वेगळं होतं?' म्हणून. मला तेव्हा पटलं नव्हतं. आता अर्धं पटतं, पण वेगळ्या कारणाने.

माझ्या धाकटीच्या पाठीला जन्मतः निळसर काळे डाग होते, कमरेच्या खाली. आपल्याकडे बऱ्याच बाळांना असतात, डॉक्टर मंगोलियन स्पॉट म्हणतात, चारपाच वर्षांत जातात. पाळणाघरातल्या नव्या मुलीला ते मुक्या माराचे वाटले. सीपीएसची, म्हणजे बालसंरक्षण खात्याची, बाई दारात. बूट काढून आली, एवढं आठवतं, आणि त्या एका गोष्टीने मला रडू आलं. फ्रिज उघडला. त्यात कैरीच्या पन्ह्याची बाटली, डोशाचं पीठ आणि कालची आमटी. मुली कुठे झोपतात विचारलं. आम्ही सगळे एका खोलीत झोपायचो, ते तिने लिहून घेतलं. थोरलीला वेगळं नेऊन विचारलं, 'घरात तू चुकलीस तर काय होतं?' ती सहा वर्षांची होती. म्हणाली, 'आई बोलत नाही.' पेन थांबलं तिचं.

सात आठवड्यांनी पत्र आलं, तथ्य आढळलं नाही. ते सात आठवडे मी पोरीला आंघोळ घालतानाही हलक्या हाताने घालायचे, वळ उठेल म्हणून.

मग २०११ला नॉर्वेत बालकल्याण खात्याने त्या बंगाली जोडप्याची दोन मुलं काढून घेतली तेव्हा इथला प्रत्येक भारतीय माणूस हादरला होता ते का, हे भारतातून कळणार नाही.

छप्परफाड

मावशी, तुमच्या या प्रतिसादावर धागा बंद करा. हेच म्हणत होतो.

सरलरेषा

बंद कशाला? मी इथल्या एका प्राथमिक शाळेत समुपदेशक आहे. आमच्यासारख्यांना नुसता संशय आला तरी कळवणं बंधनकारक असतं. खात्री करणं आमचं काम नाही, ते खात्याचं. मावशी, त्या मुलीने चूक केली असेल, पण तिने फोन न करता 'जाऊ दे, जन्मखूण असेल' म्हटलं असतं आणि ती जन्मखूण नसती तर? १९६२ मध्ये डेन्व्हरच्या डॉ. केम्पे यांनी मारहाण झालेल्या मुलांवरचा निबंध छापेपर्यंत इथले डॉक्टर हाडांचे एक्स-रे बघून हेच म्हणायचे, पडलं असेल. आंब्यावरून असेल.

तरी तुमचा राग मला समजतो, कारण आकडेही तुमच्या बाजूने आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की अठरा वर्षांचं होईपर्यंत अमेरिकेतल्या साधारण ३७ टक्के मुलांच्या बाबतीत अशी चौकशी होते, काळ्या मुलांत ५३ टक्के. निम्म्याहून जास्त. बार्कली बोलला तेव्हा त्याच्या मागे हे होतं, नुसतं 'आम्ही पण मार खाल्ला' नव्हतं.

आता बंद फाइलबद्दल. ओव्हरलँडकर, तुम्ही ती लीगने बघायला हवी होती असं सुचवताय. अजिबात नाही. त्या फाइलमध्ये मूल कुठे झोपतं, रात्री उठून काय म्हणतं, कुठल्या काकाकडे ठेवलंय हे असतं. ते एकदा क्लबच्या वकिलाकडे गेलं की आठ दिवसांत रेडिओवर. ध्वनिफितीचं काय झालं पाहिलंत ना? आज ते मूल शाळेत असेल. वर्गातली पोरं वडिलांचं नाव शोधतात, पहिल्या पानावर काय येतं?

ओव्हरलँडकर

फाइल बघा म्हणत नाहीये. फाइल बघितली नाही तर निकाल देऊ नका म्हणतोय. 'आम्हाला माहीत नाही' आणि 'काही आढळलं नाही' यात लीगने मुद्दाम गल्लत केली.

वकीलबुवा

पण मग 'माहीत नाही' म्हटल्यावर माणसाला खेळवायचं की बसवायचं? तुम्ही बसवा म्हणता. बालकोर्टाची प्रकरणं वर्ष वर्ष चालतात, आणि मिटली तरी बाहेर कुणाला कळवत नाहीत. तुमची पगारी रजा संपणार कधी, हे सांगणार कोण?

ओव्हरलँडकर

हे मला सुचलं नव्हतं. खरंय.

खडूफळा

साताऱ्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे मी, फुटबॉल कळत नाही. पण 'आम्ही पण खाल्ला आणि सुधारलो' हे इथे कुणीतरी म्हणणारच म्हणून आधीच लिहितो.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने वर्गातली छडी बंद केली. पहिल्या वर्षी पालक यायचे, 'गुरुजी, फटकवा हो, आमचं ऐकत नाही.' आजही येतात. म्हणजे शाळेत मला बंदी आणि घरी बापाला मोकळीक, पोराची पाठ तीच. एकदा एका पोराच्या पोटरीवर वायरचे वळ होते. मी १०९८ लावला. मुंबईत १९९६ला सुरू झालेली ती हेल्पलाइन, आम्ही भिंतीवर रंगवलीय, नंबर तोंडपाठ. पुढचे तीन महिने गावात मला चहा कुणी विचारला नाही. सरपंच म्हणाले, 'घरातली गोष्ट तुम्ही वेशीवर टांगली.' पोरगं मात्र रोज येत होतं. वळ परत दिसले नाहीत, की पँट लांब शिवली, ते नाही सांगता येत.

तर मावशींना आली ती खात्याची बाई मला हवी होती. आमच्याकडे ती आलीच नाही, फोनवर चौकशी झाली.

डॅलसची मावशी

गुरुजी, पाठवते 🙏

आणि एक राहिलं. क्रिस कार्टर, तोही जुना व्हायकिंग, तोही काळा, तोही मार खाऊन वाढलेला. त्याच आठवड्यात टीव्हीवर गहिवरून म्हणाला होता की आईने एकटीने सगळ्यांना वाढवलं, तिच्यापरीने चांगलंच केलं, पण मारण्याच्या बाबतीत तिचं चुकलं. ते मी माझ्या आईबद्दल अजून म्हणू शकलेले नाही. पीटरसनने तर २०१८ मध्ये मुलाखतीत सांगितलं की मुलाला अजून पट्ट्याने मारतो.

छप्परफाड

विषय हिलवरून कुठे गेला. बरं, ओव्हरलँडकर, सरळ विचारतो. एवढं सगळं माहीत असून ४४ यार्डवाल्या झेलाला तुम्ही ओरडलात की नाही?

ओव्हरलँडकर

ओरडलो. उडी मारली, रस्सा सांडला. बायको फडकं आणायला आत गेली आणि सामना संपेपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं रश्शामुळे.