जुन्या व्ही-क्रॉसला लिफ्ट: किती, कोणती आणि आधी काय तपासायचं?

मुरूमवाट:
मंडळी, गाडीला लिफ्ट द्यायची आहे, म्हणजे ती उंच करून घ्यायची आहे; सल्ला हवाय. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, २०१८ ची, सेकंडहँड, ९६,००० किमी. पुण्याहून आठवड्यातून दोनदा वेल्ह्याच्या पुढे शेतावर जाते. शेवटचे चार किमी मुरूम, मध्ये दोन ओढे आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. चाकोरीच्या मधला उंचवटा गाडीला खालून घासतो. जाताना हौद्यात २५०-३०० किलो खत-पाइप, येताना रिकामी. बाकी फिरणं शहरात आणि सातारा रस्त्यावर. पुढचा लोखंडी बंपर आधीच्या मालकाने लावलेला. टायर २४५/७० आर १६.

समोर तीन पर्याय आहेत. पुढे स्पेसर (शॉकअपवर ठेवायची जाड चकती) आणि मागे ब्लॉक (पाटे आणि ॲक्सलमधला ठोकळा) टाकून दोन इंच. स्प्रिंग-शॉकअप-पाटे बदलून ४० मिमी. किंवा अप्पर आर्मसकट (पुढचं चाक धरणारा वरचा दांडा; खालचा तो लोअर आर्म) तीन इंचांच्या वर. कोणता घ्यावा?

घाटगिअर:
पर्याय निवडण्याआधी गाडीखाली शिरा आणि ताजे, चकाकणारे ओरखडे कुठे आहेत ते बघा. सगळा निर्णय त्यावर आहे.

ओरखडे मागच्या ॲक्सलच्या गोळ्यावर (डिफरन्शियलचे गिअर असलेला मधला फुगीर भाग) असतील तर कुठलीही लिफ्ट उपयोगाची नाही. पाटे आणि स्प्रिंग गाडीला ॲक्सलपासून वर उचलतात. ॲक्सल मात्र चाकाच्या मध्यावरच राहतो. तो उचलतो फक्त मोठा टायर. २४५/७० आर १६ चा व्यास साधारण ७४९ मिमी, २४५/७५ आर १६ चा ७७४ मिमी. व्यास २५ ने वाढला म्हणजे गोळा निम्म्याने, १२ मिमी वर. स्पीडोमीटर तीन टक्क्यांच्या आसपास कमी दाखवेल: काट्यावर ८० म्हणजे खरे ८२-८३.

पुढची स्किड प्लेट (खालचा संरक्षक पत्रा), गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (आडवा दांडा) किंवा साइड स्टेप (दाराखालची पायरी) घासत असेल तर लिफ्टचा फायदा आहे.

दुसरं, उंची मोजा. सपाट फरशीवर, टायरची हवा बरोबर, हौदा रिकामा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सरळ वर, चारही ठिकाणी. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात मिसळते. मोजण्याआधी गाडी दहा-पंधरा फूट पुढेमागे करून हळू थांबवा, नाहीतर जॅकवरून उतरलेली गाडी खोटी उंच दिसते.

कमानपाटा:
मागच्या बाजूबद्दल लिहितो.

ब्लॉक नको. पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळा घातला की ॲक्सलला पाट्यांवर पीळ द्यायला जास्त लांबीचा दांडा मिळतो. भरलेली गाडी चढावर क्लच सोडून हलवताना किंवा जोरात ब्रेक मारताना ॲक्सल पिळतो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात आणि कालांतराने मुख्य पाटा मोडतो. लांब शॅकलचंही (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा दुवा) फार कौतुक नको. शॅकल ५० मिमी लांब केला तर उंची मिळते २५ मिमी, आणि गाडी आडवी जास्त डोलते.

जुने पाटे थंडे ठोकून कमान देणारे कारागीर सगळीकडे आहेत. काम स्वस्त होतं, पण पोलादाचा दम परत येत नाही. काही महिन्यांत पाटे पुन्हा बसतात. पाटे उघडलेच तर प्रत्येक पान घासून भेगा बघा, विशेषतः सेंटर बोल्टच्या भोकाशी.

तुमच्या वापराला नवीन पूर्ण संच बरा, पण भाराचा आकडा विचारून घ्या. ‘कायम ४००-५०० किलो’ असा संच घेतलात तर रिकामी येताना मागची बाजू उड्या मारेल आणि ओल्या वळणावर पकड सोडेल. तुम्हाला रिकामी ते ३०० किलो या भाराचा संच हवा. सोबत बुश (सांध्यांतल्या रबरी नळ्या), शॅकल पिना आणि नवीन यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे). यू-बोल्ट एकदा ताणून बसला की पुन्हा वापरायचा नाही. यावर काटकसर करू नका.

मुरूमवाट:
मोजलं. पुढे उजवं ४९०, डावं ५०१. मागे उजवं ५३२, डावं ५३५. ओरखडे स्किड प्लेटवर आणि दोन्ही साइड स्टेपवर. गोळ्यावर जुना गंज आहे, ताजं काही नाही.

स्पॅनर१९:
मग लिफ्टला अर्थ आहे, आणि दुखणं मुख्यतः पुढे आहे. पुढे उजवी बाजू ११ मिमी खाली म्हणजे स्प्रिंग थकली आहे. ड्रायव्हर त्याच बाजूला बसतो, वर लोखंडी बंपरचं वजन.

अशा स्प्रिंगवर स्पेसर ठेवणं मला अजिबात पटत नाही. स्पेसर स्प्रिंगला ताकद देत नाही. शॉकअपच्या डोक्यावरचा स्पेसर अख्खा स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपची जोडणी) खाली ढकलतो, आणि लोअर आर्मवर स्ट्रट चाकाच्या बराच आत बसत असल्याने २५ मिमीच्या स्पेसरने चाकाशी जवळजवळ दुप्पट फरक पडतो. चाक खड्ड्यात लटकलं की तेवढंच जास्त खाली जातं. तिथे अप्पर बॉलजॉइंट (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) त्याच्या टोकाच्या कोनावर आपटतो आणि सीव्ही जॉइंटचं (पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) रबरी बूट दुमडून घासतं. बूट फाटलं, ग्रीस गेलं, ओढ्यातली वाळू आत शिरली की जॉइंट संपला.

तीन इंचांच्या वर गेलात तर अप्पर आर्म बदला, पुढचा डिफरन्शियल खाली सोडा, ब्रेकच्या नळ्या लांबवा, अशी साखळी लागते. तुमच्या चार किमीसाठी ते नको. ४० मिमी घ्या: बंपरचं वजन सांगून घेतलेली स्प्रिंग, त्याच मापाचे लांब शॉकअप, पुढे आणि मागेही. मागे जुने शॉकअप ठेवले तर चाक लटकताना ॲक्सलचं वजन शॉकअपवर येतं आणि त्याचे डोळे तुटतात.

किट मागवण्याआधी लोअर आणि अप्पर बॉलजॉइंट, टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) आणि लोअर आर्मचे बुश तपासून घ्या. ९६,००० किमीला यातलं काहीतरी निघतंच, आणि तेच उघडकाम दोनदा करण्यात मजुरी जाते. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवा: खटका आला तर बॉलजॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवल्यावर आला तर टाय रॉड.

घाटगिअर:
फिटिंगच्या वेळी समोर उभं राहून एक गोष्ट करून घ्या. लोअर आर्म आणि पाट्यांच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू द्यायचे नाहीत. हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी उतरताच पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. ही चूक फार गॅरेजमध्ये होते, दोष मात्र किटला लागतो.

अलाइनमेंटसाठी लोअर आर्मच्या कॅम बोल्टवर (फिरवून चाकाचा कोन बदलणारे बोल्ट) दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. जुन्या गाडीत ते बुशच्या नळीत जाम होतात. काम झाल्यावर नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) नको, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टरचाही (स्टीअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) छापील कागद घ्या. लिफ्टने कॅस्टर कमी होतो. स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी भटकते. खंबाटकी उतरताना ते जाणवेल. हेडलाइटही खाली वळवून घ्या.

आरसीबुक:
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा: निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल नोंदणीत बसत नाही. आरटीओत चौकशी आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, दोन्ही काम करण्याआधी करा. अपघातानंतर सर्वेअर गाडीखाली बघतोच.

मुरूमवाट:
ठरलं, ४० मिमी आणि पाट्यांचा हलका संच. टायर लगेच मोठे घेऊ की हे झिजू देऊ? साइड स्टेपचं काय करू?

स्पॅनर१९:
हे झिजू द्या. पुढच्या वेळी २४५/७५ बघा, पण आधी एक चाक कुणाकडून उसनं आणून दोन्ही बाजूंना पूर्ण स्टीअरिंग वळवून मडगार्डच्या लायनरला लागतं का ते पाहा. स्टेपनीच्या जागेत बसतो का, तेही.

साइड स्टेप काढून टाका. ताजे ओरखडे त्याच्यावरही आहेत आणि तो बोल्ट सोडले की निघतो. कदाचित अर्धं घासणं तिथेच थांबेल, म्हणून किट मागवण्याआधी काढून एकदा शेतावर जाऊन या.

लिफ्ट झालीच तर ५०० किमीला यू-बोल्ट, शॅकल आणि स्ट्रटचे वरचे नट पुन्हा आवळून घ्या. त्याच दिवशी चारही उंच्या पुन्हा मोजा. नवीन स्प्रिंग सुरुवातीला ५-१० मिमी बसते, त्यामुळे अलाइनमेंट तेव्हा परत करावं लागेल. त्याचे पैसे आत्ताच धरून ठेवा.