धंद्याचं ट्रेनिंग बंद करा आणि पोरांना वर्षभर दुकानात बसवा, पटतंय का?

वाइंडिंगवाला
तालुक्याच्या गावी माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. हे लिहायचं कारण माझा भाचा. त्याने तीस दिवसांचा मोफत कोर्स केला, सर्टिफिकेट आलं, कर्ज झालं, दुकान टाकलं आणि आठव्या महिन्यात शटर ओढलं. हप्ते अजून चालू आहेत. पोरगा आळशी नाही, कॉइल तर सुरेख भरतो. पण मोटार जळून आली की ती का जळली हे आधी बघायचं असतं, एक फेज गेला होता का, बेअरिंग घासलंय का, नाहीतर भरून दिलेली मोटार पंधरा दिवसांत परत जळते आणि शेतकरी तुमच्या नावाने बोंब मारतो. हे वर्गात कुणी शिकवत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उधारी. तांब्याची तार रोखीने घ्यावी लागते आणि केलेलं काम जातं उधारीवर, उसाचं बिल आलं की देतो, कांदा विकला की देतो. कुणाला उधार द्यायचं, कुणाला गोड बोलून परत पाठवायचं, मे महिन्यात आलेल्या पैशातले पावसाळ्यासाठी किती बाजूला काढायचे, हे मी माझ्या उस्तादाकडे तीन वर्षं उमेदवारी केली तेव्हा डोक्यात बसलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दहा दिवस तीस दिवसांचे हे वर्ग बंद करा आणि तोच पैसा पोरांना महिन्याच्या महिन्याला देऊन चालू दुकानात, गॅरेजात, बेकरीत वर्षभर बसवा. मग कर्ज द्या.

पासबुक
मी बँकेतून रिटायर झालोय, ग्रामीण शाखांमध्ये बरीच वर्षं काढली. तुमचं दुःख समजतं पण निदान चुकलं असं वाटतं. पीएमईजीपी घ्या, नवीन धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना, २००८ पासूनची. त्यात सबसिडी शहरात १५ टक्के, ग्रामीणला २५, महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना ग्रामीण भागात ३५ टक्क्यांपर्यंत. पण ही सबसिडी हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते आणि धंदा चालू दिसला तरच कर्जात वळती होते. तेव्हा ही तीन वर्षं तग धरणं हाच खरा पेपर आहे. आणि पोरं तिथे पडतात ती ट्रेनिंगमुळे नाही, प्रोजेक्ट रिपोर्टमुळे. तो रिपोर्ट कुणीतरी एजंट दोन-तीन हजारात करून देतो, दाल मिलच्या फाइलमधला आकडा मसाला कांडपाच्या फाइलमध्ये तसाच. खेळतं भांडवल नावालाच धरलेलं असतं कारण सगळं लक्ष मशीनच्या कोटेशनवर. भाच्याचं कर्जही बहुतेक सगळं मशीन आणि फर्निचरमध्ये गेलं असणार, विचारून बघा. त्याच्याकडे चार महिन्यांच्या तारेचे पैसे असते तर शटर ओढायची वेळ आली नसती.

वाइंडिंगवाला
विचारलं. काउंटर, काच, बोर्ड, नवीन वाइंडिंग मशीन. तारेला उरले होते एका महिन्याचे. हे तुमचं मान्य, पण साहेब, तो माझ्याकडे वर्षभर बसला असता तर काच लावायच्या आधी त्याने तार घेतली असती ना.

शेवयांचं मशीन
दादा, मला तुमचं अजिबात पटलं नाही. वर्ग बंद करा म्हणणं तुम्हाला सोपं आहे कारण तुम्हाला उस्ताद मिळाला. मला कोण ठेवणार होतं? आमच्या गावात गॅरेजवर, वेल्डिंगवर, हार्डवेअरवर एकही बाई उभी नाही. उमेदवारी मिळते ती मामाच्या, काकाच्या, आपल्या माणसांच्या दुकानात, आणि आपली माणसं म्हणजे कोण हे मी लिहायची गरज नाही. ज्यांच्या घरात कुणाचं दुकानच नाही त्यांनी कुठे बसायचं? मी आरसेटीत गेले होते, जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेची ट्रेनिंग सेंटरं असतात ना ती. राहणं जेवण सगळं मोफत, नवऱ्याला सांगून दहा दिवस घराबाहेर राहिले, लग्नानंतर पहिल्यांदा. तिथे मॅडमनी शेवयांच्या किलोचा खर्च फळ्यावर मांडायला लावला, रवा, लाईट, पॅकिंग सगळं लिहिलं आणि मग म्हणाल्या की तुमची मजुरी कुठाय. मी सहा वर्षं शेवया, कुरडया, पापड करून विकत होते आणि माझी मजुरी मी कधीच धरली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी मी रडले, खरं सांगते. घरी आल्यावर किलोमागे भाव वाढवला, दोन गिऱ्हाईकं तुटली, बाकीची राहिली. नंतर सरकारच्या अन्नप्रक्रिया उद्योगाच्या योजनेतून मशीन घेतलं, ३५ टक्के सबसिडीवालं. बँकेने चार वेळा परत पाठवलं, एका साहेबांनी तर मिस्टरांना घेऊन या म्हणून सांगितलं, पण आरसेटीवाल्या मॅडम फोन करत राहिल्या म्हणून पाचव्यांदा गेले. तुमच्या भाच्याला नंतर कुणी फोन केला का ते सांगा.

वाइंडिंगवाला
ताई, नाही केला. एकदा कुणीतरी आलं, दुकानासमोर उभं करून फोटो काढला आणि गेलं.

पासबुक
हाच मुद्दा आहे. आरसेटीची पद्धत कर्नाटकातल्या उजिऱ्याच्या रुडसेटी या ट्रेनिंग संस्थेवरून आलीय, १९८२ साली धर्मस्थळ देवस्थानच्या हेगडेंनी सिंडिकेट आणि कॅनरा बँकेला बरोबर घेऊन सुरू केलेली. तिथला गाभा वर्ग हा नव्हताच, नंतरचा पाठपुरावा होता. आजही आरसेटीने दोन वर्षं पाठीशी राहायचं असतं. जिथे राहतात तिथे ताईंसारखी माणसं उभी राहतात आणि जिथे वर्षाचं टार्गेट भरण्यापुरतं बघतात तिथे फोटो निघतो.

सहा महिने झाले
मी वेगळंच बोलतो, राग मानू नका. सगळ्यांना धंदाच कशाला करायला लावताय? मी बीए आहे. २०२४ ला राज्य सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६०००, आयटीआय डिप्लोमाला ८०००, पदवीला १०,००० महिना. मला एका सरकारी ऑफिसात टाकलं. काका म्हणतात तसं बसवलंच की मला. काम काय तर झेरॉक्स, आवक जावक आणि साहेबांच्या लॉगिनवरून एंट्री. सहा महिन्यांचे नंतर अकरा झाले, संपलं. सर्टिफिकेट घेऊन कुठेही जा, विचारतात टॅली, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब लिहिणं, येतं का, जीएसटी रिटर्न भरता येतं का. दहा हजार घरी लागत होते, त्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण बसवलं म्हणजे शिकवलं असं होत नाही. शिकवायची जबाबदारी कुणाची होती ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता धंदा कर म्हणून घरचे मागे लागलेत, कशाचा करू?

रात्रपाळी
वाइंडिंगवाले काका, मी दोन वर्षं एका गॅरेजवर उमेदवारी केली आहे. पहिलं वर्ष चहा आणणं, पाने-पक्कड धुणं आणि उस्तादाच्या शिव्या. इंजिनला हात लावला तो दुसऱ्या दिवाळीनंतर. पगार आठवड्याला खर्चापुरता. मुद्दाम शिकवत नाहीत, शिकला की समोर दुकान टाकेल ही भीती असते. सरकारने त्यांना पैसे देऊन पोरं पुरवली तर फुकटचे नोकर मिळाले एवढंच होईल.

पुस्तकी
बाहेरचं एक उदाहरण देतो. उत्तर युगांडात २००८ च्या सुमारास सरकारने तरुणांच्या गटांना थेट अनुदान दिलं होतं, माणशी साधारण ३८० डॉलर, शिवणकाम सुतारकाम असलं शिकायला आणि अवजारं घ्यायला. गटांनीच ठरवायचं कुठे शिकायचं, देखरेख नाही. चार वर्षांनी बघितलं तर पैसे न मिळालेल्यांपेक्षा त्यांची कमाई ३८ टक्क्यांनी जास्त होती. पण नऊ वर्षांनी परत बघितलं तेव्हा बाकीच्यांनी हळूहळू गाठलं होतं, कमाईतला फरक जवळजवळ राहिला नव्हता. म्हणजे पैशाने सुरुवात लवकर होते हे खरं, आणि विशीतल्या पोराला चार वर्षं आधी उभं राहता येणं ही लहान गोष्ट नाही. त्यामुळे ट्रेनिंग की उमेदवारी याच्याआधी मी विचारेन की हातात रोख किती देताय.

वाइंडिंगवाला
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. रात्रपाळी, तू म्हणतोस ते माझ्या उस्तादाकडेही होतं, मी ते विसरलो होतो किंवा बरं वाटावं म्हणून विसरलो असेन. वर्ग सरसकट बंद करा हे मागे घेतो. ताईंनी मजुरीचं लिहिलं ते वाचून मी काल माझी वही काढली, दुकानात मी स्वतः बारा तास असतो आणि त्याचा पगार मीही कधी धरलेला नाही. पण एक मुद्दा सोडणार नाही. अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा, कायदा १९६१ चा आहे, सरकार स्टायपेंडमधला वाटाही देतं, पण नियमात चार माणसांच्या खालचं दुकान बसतच नाही. माझ्याकडे मी आणि दोन पोरं. तालुक्यातली गॅरेजं, वाइंडिंगवाले, एसी फ्रिजवाले बघा, बहुतेक सगळे असेच. काम तिथेच शिकलं जातंय आणि कागदावर ती जागाच नाही. आम्हाला घ्या त्यात, चहा आणायला पाठवलं तर पैसे कापा, सहा महिन्यांनी येऊन पोराकडून एक मोटार उघडून घ्या.

शेवयांचं मशीन
माझी मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियन करते, शेवटचं वर्ष. तुमच्या दुकानात बसवाल का?

वाइंडिंगवाला
ताई, २२ वर्षांत एकही मुलगी विचारायला आली नाही आणि मीही कधी विचार केला नाही. ठेवेन. जड मोटार उतरवायला पोरं आहेत, कॉइलला हात हलका लागतो, अडचण तिथे नाही. दुकानाला संडास बाथरूम नाही, आम्ही समोरच्या हॉटेलात जातो. गाळामालकाशी बोलतो, मागच्या बाजूला जागा आहे. ते झालं की कळवतो.