जांभळी नाका ते तलावपाळी गाड्या बंद केल्या तर जुनं ठाणं जगेल का?

मासुंदाकाठ (धागाकर्ता)

ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस या उंचावरच्या बसमार्गाखालून पश्चिमेला बाहेर पडलं की जांभळी नाक्याचा बाजार, कौपिनेश्वराचं देऊळ, तलावपाळी म्हणजे मासुंदा तळ्याचा काठ, हे सगळं दहा-बारा मिनिटांच्या चालीत येतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून थांबली ती इथे. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय इथलंच. टेंभी नाक्याला १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तळ्याच्या अंगाला सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, आणि थोडं पुढे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. एवढा ऐवज हाताशी असून बाहेरचा माणूस ठाण्यात येतो तो मॉलसाठी नाहीतर येऊरच्या जंगलासाठी. आणि ठाणेकर नाक्यावर जातो तो तूप, डाळ, पूजेचं सामान घ्यायला, तेही जीव मुठीत धरून.

प्रस्ताव साधा आहे. स्टेशन रोडचा नाक्याकडचा भाग ते तलावपाळी, सकाळी ११ ते रात्री ९ खासगी गाड्या आणि रिक्षा बंद, त्या अडवायला दोन्ही तोंडांना खांब. मालाच्या गाड्या ११ च्या आत. फुटपाथ-रस्ता असा भेद न ठेवता एका पातळीची फरसबंदी. गाड्या गावदेवी मैदानाखालच्या वाहनतळात. दिल्लीत चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी या १.३ किलोमीटरवर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारबंदी केलीच ना? पुण्यात लक्ष्मी रोड ११ डिसेंबरला पादचाऱ्यांसाठी मोकळा करतात. आपल्याला काय धाड भरली आहे?

हातगाडी

धाड कसली, माल भरलाय. आधी हिशेब करा. छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, ७५० किलो धरले तर ५० किलोची १५ पोती. दोन माणसं, वीस मिनिटं. अडीच टनांचा टेम्पो म्हणजे ५० पोती, पाऊण तास, आणि तोही दुकानासमोर जागा मिळाली तर. भाजीचं ठीक आहे, वाशीच्या बाजार समितीतून भाजी पहाटे निघते. पण धान्य आणि मसाल्याच्या गाळ्यांवर माल दिवसा भरतात. तो ठाण्यात पोचेपर्यंत दुपार होते. "११ च्या आत उतरवा" म्हणजे आदल्या दिवशीचा माल रात्रभर गाडीत ठेवा, ड्रायव्हरला मुक्कामाचं द्या, आणि डाळ किलोमागे महाग करा. मग गिऱ्हाईक नाक्यावर कशाला येईल? घाऊकच्या भावात किरकोळ मिळतं म्हणून तर येतं.

दुसरं, तुमचे ते खांब. व्हीलचेअर जायला दोन खांबांत ९० सेंटिमीटर सोडावे लागतात. स्कूटरचं हँडल ७० सेंटिमीटरच्या आसपास. हातगाडी चार फुटी, म्हणजे १२०. आता सांगा कोण अडणार? स्कूटर सुळकन आत, हातगाडी बाहेर. ज्याला थांबवायचं तो जातो आणि ज्याला जाऊ द्यायचं तो अडतो.

मासुंदाकाठ

खांबांचा मुद्दा मान्य. १४० सेंटिमीटर ठेवले तर हातगाडी जाते, मोटार अडते. स्कूटरला माणूस लागेल. मालासाठी दुपारी २ ते ४ ची दुसरी वेळ देऊ. त्या वेळी तसंही गिऱ्हाईक पातळ असतं.

हातगाडी

दोन तासांत सगळ्या गाड्या आत सोडल्यात तर तुमचीच कोंडी. उतरवायच्या जागा आखून द्या, नाक्याच्या दोन्ही तोंडांना सहा मीटर लांब, अडीच रुंद अशा चार-पाच, प्रत्येकीला अर्ध्या तासाची मुदत. तिथून पुढे हातगाडी. मग दिवसभर माल चालला तरी कोणाला त्रास नाही. हे आधी, फरसबंदी मागाहून.

समपातळी

फरसबंदी मागाहून नाही, नीट. पेव्हर ब्लॉक का बसतात यावर सगळे कंत्राटदाराला शिव्या देतात, पण निम्मा दोष आराखड्यातच असतो. माणसांच्या वाटेला ५०-६० मिलिमीटरचे ब्लॉक चालतात. टेम्पो येणार असेल तर ८०, तेही एम-४० ताकदीच्या काँक्रीटचे. "पादचारी मार्ग" असं नाव दिलं की निविदेत ६० चे येतात आणि पहिल्याच पोत्यांच्या गाडीखाली बसतात. खाली रेतीचा थर ३० मिलिमीटरच्या आसपास हवा, जाड नको. खड्डा बुजवायला रेती ओतली की ती पावसात वाहते आणि ब्लॉक डुगडुगतो. कडेला पक्की धार नसेल तर सगळी बिछायत हळूहळू फाकते. आणि सांध्यांत रेती भरायची असते, सिमेंट नाही. सिमेंट भरलं की दुरुस्तीला ब्लॉक उचलताना फुटतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे पातळी. जुन्या पेठेत प्रत्येक डांबरीकरणात रस्ता दोन-तीन इंच चढतो, घर चढत नाही. तीन पायऱ्यांचं जोतं एका पायरीवर येतं, मग रस्ता वर आणि ओटा खाली. मोठा पाऊस आणि भरती एकदम आली की खाडीकडचे नाले पाणी घेत नाहीत, आणि ते पाणी दुकानात शिरतं. धागाकर्त्यांची "एका पातळीची" फरसबंदी सध्याच्या रस्त्याच्या उंचीला केली तर उरलेली जोतीही बुडतील. आधी जुने थर खरवडून काढा. मग जलवाहिनी, मलवाहिनी, वीज आणि केबलच्या नळ्या एकाच चरात टाका, मध्ये पन्हळीसारखा उतार द्या, साधारण चाळिसास एक. फरशी सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केलं की फरशीचं उद्घाटन आणि पाइपलाइनची खोदाई यांत एका गणपतीचं अंतर असतं.

चुनाविटा

फरशीच्या वर बघा की कोणीतरी. तळमजल्यावर दुकान, वर गॅलरी, मंगळुरी कौलं, सागवानी खांब, अशी घरं खारकर आळीत आणि चेंदणीत अजून आहेत. सुशोभीकरण म्हणजे त्यांना सिमेंटचा गिलावा आणि गुलाबी रंग. चुन्यात बांधलेली विटांची भिंत जमिनीतला ओलावा वर ओढते आणि बाहेर सोडते. वरून सिमेंट थापलं की बाहेरची वाट बंद. ओल आत, क्षार आत, दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून पापुद्रे सुटतात आणि खालची वीट भुगा झालेली असते. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत शिरलेली तुळईची टोकं. ती बाहेरून धडधाकट दिसतात, आत कुजलेली. पेचकस टोचून बघा, अर्धा इंच आत गेला तर संपलं.

क्रम असा ठेवायचा: आधी कौलं आणि पन्हळ, मग लाकूड, मग भिंत. छप्पर गळत असताना भिंत रंगवणं म्हणजे नुसता खर्च. चुना किमान पंधरा दिवस पाण्यात मुरवायचा, एकास तीन रेती, ओलाव्याच्या जागी रेतीतला एक हिस्सा विटांचा चुरा. थर १०-१२ मिलिमीटरहून जाड नाही. आठवडाभर गोणपाट ओलं ठेवायचं. भर पावसात हे काम घ्यायचं नाही आणि एप्रिलच्या उन्हातही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे निधी मार्चमध्ये संपवायचा असतो, त्यामुळे हे कॅलेंडर कधी जुळत नाही.

पागडी_२००

वा, पाककृती छान. खर्च कोण करणार? या घरांत मालक एक, भाडेकरू दहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढ आहे. भाडं २०० रुपये असेल तर पुढच्या वर्षी २०८. मालक त्यात कौलं बदलणार? कलम १४ म्हणतं, दुरुस्ती मालकाची जबाबदारी. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने केली नाही तर भाडेकरूने करावी आणि भाड्यातून वळती करावी. पण वर्षाला वळती किती, तर वार्षिक भाड्याच्या चौथाईपर्यंत. २०० गुणिले १२, त्याची चौथाई ६०० रुपये. सहाशेत टेकू उभा करायला सुतार येत नाही, सागवान तर सोडाच.

म्हणून मालक घर पडायची वाट बघतो आणि भाडेकरू पुनर्विकासाची. घर जपण्यात दोघांनाही रस नाही. ते तसे वाईट लोक आहेत म्हणून नाही, कायद्याने दोघांचा फायदा घर पडण्यात ठेवलाय म्हणून. पर्यटकांसाठी दर्शनी भाग रंगवाल, वरच्या मजल्याच्या जिन्याला आधार द्याल का?

चुनाविटा

मुद्दा खरा आहे, निष्कर्ष नाही. जपलेल्या घराच्या न वापरलेल्या चटईक्षेत्राचा हस्तांतरणीय हक्क (टीडीआर), म्हणजे इथे न केलेलं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क, मालकाला मिळतो, तो विकून दुरुस्ती होऊ शकते. अट मात्र हवी: हक्काचा पैसा थेट मालकाच्या खिशात न जाता टप्प्याटप्प्याने सुटला पाहिजे, छपराचं काम झाल्यावर पहिला हप्ता. आणि भाडेकरूचं क्षेत्र लेखी मोजून करारात. नाहीतर हक्क विकला जाईल आणि घर तसंच पडेल.

पागडी_२००

आणि त्यासाठी घर वारसा यादीत पाहिजे. यादीत जायचं म्हटलं की मालक-भाडेकरू पहिल्यांदाच एकत्र येतात, विरोध करायला.

वर्तुळवाला

गाड्या हटवल्यात तर मोकळी जागा संध्याकाळपर्यंत फेरीवाल्यांनी भरेल, हे इथे कोणीच लिहिलं नाही. १ नोव्हेंबर २०१७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने स्टेशन आणि मंडईपासून १५० मीटर, शाळा, देवळं आणि इस्पितळांपासून १०० मीटर फेरीला मनाई आहे (देवळापाशी पूजासाहित्याला सूट). कंपास घ्या आणि नकाशावर वर्तुळं काढा. स्टेशन, मंडई, कौपिनेश्वर, चर्च. या पट्ट्यात कायदेशीर जागा जवळजवळ उरतच नाही. दुसरीकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो, पाहणी करा, पाहणीत सापडलेल्यांना लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत सामावून घ्या, आणि ज्या समितीने हे ठरवायचं तिच्यात ४० टक्के विक्रेते हवेत. निकाल आणि कायदा, दोन्ही एकाच रस्त्यावर उभे आहेत. निर्णय टाळला की जो पहाटे आधी येईल त्याची जागा, आणि जागेचं भाडं भलतंच कोणीतरी घेतं.

उपाय रंगाच्या डब्याइतका स्वस्त आहे. चालण्याची वाट आधी आखा, बाजारपेठेत किमान अडीच मीटर सलग. मग वर्तुळाबाहेरच्या गल्ल्यांत मीटर बाय मीटरचे क्रमांक टाका. क्रमांक आधी, हटवणं नंतर.

शनिवारनको

पर्यटकांबद्दल थोडं. धागाकर्त्यांची फेरी कागदावर सुंदर आहे, पण कोणत्या दिवशी? शनिवारी सिनेगॉग बघता येणार नाही, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो, शुक्रवार संध्याकाळपासूनच. इतर दिवशीही आधी परवानगी आणि ओळखपत्र. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना. सोमवारी कौपिनेश्वरला रांग, श्रावणात तर विचारूच नका. म्हणजे रविवारी चारनंतर किंवा मंगळ ते गुरुवार. आणि किल्ला? तो बाहेरून फक्त भिंत. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी आणि अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी जिथे फाशी दिलं, ती जागा माणूस भिंतीबाहेरून बघून काय करणार? येरवड्यात २०२१ पासून कारागृह पर्यटन सुरू झालं. इथेही ठरलेल्या दिवशी, वीस जणांची तुकडी, मोबाइल बाहेर जमा, एवढ्यावर सुरुवात करता येते.

आणि स्वच्छतागृह. तलावपाळी ते स्टेशन बाईमाणसाने कुठे जायचं? अहमदाबादची वारसा फेरी १९९७ पासून चालू आहे, ती दोन-अडीच तासांची. इथे दोन तासांची फेरी काढून मध्ये सोय नसेल तर दुसऱ्यांदा कोणी येणार नाही, कितीही मिसळ खायला घाला.

वरचा_मजला

पर्यटक दोन तासांनी जातो. आम्ही राहणारे, आमचं काय? ११ ते ९ बंदीत १४.२ किलोचा सिलिंडर कसा येणार, गुडघे गेलेली माणसं दवाखान्यात कशी जाणार, शववाहिनी कुठे थांबणार? प्रत्येकासाठी अर्ज करायला लावलात तर वरचे मजले रिकामे होतील, तिथे गोदामं येतील, आणि रात्री नऊनंतर सगळा पट्टा भुतासारखा. राहणाऱ्यांना परवाना हवाच, गाडी पार्क करायला नव्हे, सोडून परत जायला. वीस मिनिटं.

मासुंदाकाठ

ठीक. सुधारून लिहितो: चाचणी पंधरा दिवस. माल उतरवायच्या चार जागा रंगाने आखून, फरसबंदी नाही. रहिवाशांना वीस मिनिटांचा परवाना. खांब १४० सेंटिमीटरवर, प्लास्टिकचे, दोन्ही तोंडांना पाळीने एक-एक माणूस. दुकानांची विक्री दुकानदारांनीच लिहायची, माणसं आपण मोजायची. डिसेंबरात करू, हवा चांगली असते.

हातगाडी

डिसेंबरात काहीही यशस्वी होतं. जुलैत करा. छत्र्या उघडल्या की अडीच मीटरच्या वाटेतून किती जण जातात आणि ओलं पोतं हातगाडीवर किती वेळ टिकतं, ते कळेल. ताडपत्रीचा खर्चही धरा.

समपातळी

जुलैला सहमत. आणि प्लास्टिकचे खांब नकोत, तिसऱ्या दिवशी कोणीतरी उचलून पार्किंगची जागा अडवायला वापरेल. मधला एक खांब कुलपाचा हवा, बंब आत जायला साडेतीन-चार मीटर मोकळे लागतात. कुलपं सगळी एकाच किल्लीची. एक किल्ली अग्निशमन दलाकडे, एक वाहतूक पोलिसाकडे, एक नाक्यावर रात्री उघड्या असणाऱ्या दुकानात.

वरचा_मजला

रात्री उघडं असतं ते औषधांचं. तिथे दोन ठेवा.