पहिले सहा भाग सोडा म्हणणाऱ्यांनो, थांबा

पर्वरीकर
'द वेस्ट विंग' ही व्हाइट हाऊसवरची अमेरिकी मालिका पुन्हा लावणाऱ्यांना काल इथेच कुणीतरी सांगितलं, पहिले सहा भाग सोडा, पॅसेजमधली चालाचाल आणि बडबड आहे नुसती. वाचून डोकंच फिरलं. १९९९ चा पहिला भाग नीट बघा. राष्ट्राध्यक्ष सायकलवरून झाडावर आदळले, हा एकच निरोप. तो येतो तेव्हा त्यांच्या स्टाफमधली सीजे ट्रेडमिलवरून पडते, जॉश ऑफिसातल्या टेबलावरच झोपलेला, टोबी विमानात लॅपटॉप बंद करायला तयार नाही. कुणी कुणाची ओळख करून देत नाही, तरी माणसं कळतात. राष्ट्राध्यक्ष बार्टलेट येतो तो थेट शेवटी. हे सोडायचं?

म्हापसेकर
सल्ला माझाच आणि मी तो मागे घेत नाही. मँडीचं, त्या माध्यम-सल्लागार बाईचं काय? पहिल्या भागापासून तिला एवढी जागा दिली आणि दुसऱ्या सीझनमध्ये ती नाहीच. कुठे गेली, एक शब्द नाही. पुन्हा बघताना तिचा प्रत्येक सीन फुकट गेलेला वाटतो. चौथ्या भागात बंदुकांच्या बिलाला पाच मतं कमी पडतात म्हणून सगळ्यांची धावपळ. ४३५ च्या सभागृहात पाच! आमच्या ४० च्या विधानसभेत २०१७ ला १७ वाली काँग्रेस विरोधात बसली आणि १३ वाल्या भाजपने इतरांना घेऊन २२ विरुद्ध १६ ने विश्वासमत जिंकलं. गोव्यातल्या माणसाला तो भाग मिळमिळीतच लागणार.

पर्वरीकर
म्हापसेकरबाब, आकडे बरोबर, तुलना साफ चूक. तिथे जॉश एकेका सदस्याला गाठतो. एकाला दम देतो, की पुढच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार-निवडीत, तुझ्या विरोधकाच्या मागे राष्ट्राध्यक्ष उभे राहतील. दुसऱ्याला राष्ट्राध्यक्षांबरोबर फोटो हवा असतो. मत असं सुटं सुटं जमवावं लागतं, कारण पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून तिथे सदस्यत्व जात नाही. आपल्याकडे व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला की अपात्रता, पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तरच सुटका. म्हणून इथे एकटा फुटत नाही, गट फुटतो.

तिसवाडीची
नुसता गट म्हणू नका, पक्षाचे दोन-तृतीयांश आमदार म्हणा. एक-तृतीयांशाची फूट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली, दोन-तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होणं तेवढं राहिलं. २०१९ ला मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) ३ पैकी २ भाजपमध्ये गेले, मग काँग्रेसचे १५ पैकी १०. दोन्ही वेळा काट्यावर दोन-तृतीयांश. २०२२ ला काँग्रेसचेच ११ पैकी ८, कारण ७ पुरत नाहीत.

म्हापसेकर
मी पटकथेबद्दल बोलतोय आणि तुम्ही दोघं मला पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट शिकवताय! माझ्या मुद्द्याला उत्तर द्या. नावं धडाधड अंगावर येतात, निम्मा वेळ सबटायटल वाचण्यात जातो.

तिसवाडीची
मग दुसऱ्यांदा सबटायटल बंद करून बघा. चौथ्या भागाची सुरुवात हॉटेलच्या हॉलपासून बाहेरच्या गाड्यांपर्यंत एका सलग शॉटमध्ये आहे. एक जण बाजूला होतो, दुसरा येऊन मिळतो आणि विषय बदलतो. डोळे खालच्या ओळीवर असतील तर नेमका तो सांधा निसटतो आणि पुढे कोण कशाबद्दल बोलतंय ते कळत नाही.
आणि सहावा भाग सोडा कसं म्हणता? खासदार बायको वारली म्हणून तिच्या जागी आलेले मिस्टर विलिस, पेशाने शिक्षक. वाद जनगणनेत सॅम्पलिंग, म्हणजे एकेकाला न मोजता नमुन्यावरून अंदाज, वापरायचं की नाही याचा. टोबी राज्यघटनेतलं कलम वाचायला लावतो, गुलामांना तीन-पंचमांश माणूस मोजणारा तुकडा पुढे येतो आणि विलिस ऐकून मत ठरवतात. पर्वरीच्या विधानसभेत व्हिपविरुद्ध असं ऐकून मत दिलं तर आमदारकी जाईल. मला तो भाग त्याचसाठी पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

म्हापसेकर
सहाव्याचं चुकलं, ते वाक्य काढतो. चौथा सबटायटलशिवाय बघेन. मँडीबद्दल मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

पर्वरीकर
मँडीचं मलाही मान्य आहे. निदान एका वाक्यात तिला निरोप द्यायला हवा होता.